शिक्षेवर बोलताना
अशिलाला दोषी ठरवल्यावर नुसतं ‘दया करा’ म्हणून खाली बसू नकोस. शिक्षा सुडासाठी, जरबेसाठी की सुधारणेसाठी, हे कोर्टापुढे मांडायचं असतं. समज, हर्णै बंदरातून जुनं जाळं चोरलंय, आरोपी विशीतला खलाशी. भारतीय न्याय संहिता, कलम ३०३(२): माल ५,००० च्या आतला, पहिलीच दोषसिद्धी, जाळं किंवा किंमत परत, तिन्ही जमलं तर सामुदायिक सेवाच. पंचनाम्यात सहा हजार लिहिले की गाडं अडतं. किंमत उलटतपासणीतच खोडून काढ. (जुन्या जाळ्याचा भाव पंचांना काय कळणार, तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला विचार.) नाहीच जमलं तर अपराधी परिवीक्षा (तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडणं) अधिनियम, १९५८, कलम ६. एकविशीच्या आतल्याला तुरुंगात धाडायचं तर कारणं नोंदवावी लागतात. वय शिक्षेच्या दिवशीचं धरतात, गुन्ह्याच्या नव्हे. जन्मदाखला आधीच जोड.