नागपूरहून मार्चमध्ये हिमालयात ट्रेकला जातोय. ऊन पडलं की हिमस्खलनाचा धोका टळतो का?
नाही भाऊ. ताज्या बर्फानंतरचं पहिलं लख्ख ऊनच फसवं असतं. ४५ अंश म्हटलं की आपल्याला नागपूरचा मे आठवतो. तिकडे ३० ते ४५ अंश हा उताराचा कोन, आणि बहुतेक हिमस्खलनं तिथूनच सुटतात. बर्फ थराथरांनी साचतो. खालचा थर साखरेसारखा भुसभुशीत असला, की वरचा घट्ट थर एका माणसाच्या वजनानेही अख्खा घसरतो. पायाखाली ‘धप्प’ झालं किंवा भेग धावली, तर आल्या पावली मागे फिरा, फोटो नंतर. चंदीगडची डीजीआरई ही सरकारी संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते बघत राहा. गाडलेल्याला साधारण १५ मिनिटांत बाहेर काढावं लागतं. तेवढ्यात बाहेरची मदत पोचत नाही, म्हणून बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं सिग्नल यंत्र) प्रत्येकाच्या अंगावर, आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) व फावडं सॅकमध्ये हवं.