क्षितिज कधी सरळ करायचं?

तुम्ही दाखवलेले मालवणचे फोटो छान आहेत, पण क्षितिज कललंय, समुद्र उजवीकडे सांडतोय! उघड्या समुद्राची क्षितिजरेषा दिसत असेल तर विचारच करू नका, सरळ करा. तिथे एका अंशाचा कलही डोळ्याला खुपतो.

खरा गोंधळ होतो तो तलावांत आणि डोंगरांत. पलीकडचा काठ आपल्यापासून तिरका दूर जात असेल तर तो फोटोत कललेलाच दिसणार. ती क्षितिजरेषा नव्हे. नवीन माणूस नेमका तोच आडवा करतो आणि झाडं, घरं कलंडतात. अशा वेळी फोटोच्या मध्याजवळ काहीतरी उभं शोधा. इमारतीची कड, विजेचा खांब (तो मुळातच वाकलेला नाही ना, बघा, आपल्याकडे भरवसा नाही), किंवा पाण्यातलं प्रतिबिंब: वस्तू आणि तिचं प्रतिबिंब एकाच उभ्या रेषेत हवं. कडेचे खांब धरू नका, कॅमेरा वर-खाली झुकला की ते तिरके होतातच.

आणखी दोन गोष्टी:
- सरळ करायला फोटो फिरवला की कोपरे कापले जातात. फोटो काढतानाच कडेला थोडी जागा सोडा, ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा) चालू ठेवा.
- मुद्दाम तिरका काढलेला फोटो तसाच राहू द्या. मात्र तिरकेपणा ठळक हवा. दोन-तीन अंशांचा चूकच वाटतो.

फोटो आपोआप सरळ करणाऱ्या ‘ऑटो’ बटणावर विसंबू नका, तेही तलावाच्या काठाला फसतं. लेन्समुळे सरळ रेषांना येणारा बाक वगैरे नंतर बघू.