केंद्राचा कायदा आला म्हणून राज्याचा संपतो का?

दिल्लीने कायदा केला की राज्याचा आपोआप रद्द, ही समजूत टपालातून जाता जात नाही. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी काही घेतो.

प्रश्न : पोलीस केंद्राच्या अखत्यारीत येतात की राज्याच्या?

राज्याच्या. घटनेच्या सातव्या अनुसूचीत विषय तीन सूच्यांत वाटलेत : संघसूची केंद्राची, राज्यसूची राज्यांची, समवर्ती दोघांची. पोलीस राज्यसूचीत, नोंद २.

प्रश्न : संसदेने २०२१ मध्ये भाडेकरूंचा नवा कायदा केल्याने महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम रद्द झाला, असं सोसायटीच्या ग्रुपवर आलंय. पागडीचं घर सोडावं लागेल का?

संसदेने असा कायदा केलेलाच नाही. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केला तो नमुना कायदा, राज्यांना वाटल्यास त्यांनी स्वीकारावा असा. १९९९ चा अधिनियम जागेवर आहे. घरमालकाच्या कुठल्याही कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न : कमी मुद्रांक शुल्क भरल्याची नोटीस आली आहे. एक सल्लागार म्हणतात, मुद्रांकाचा कायदा केंद्राचाही आहे आणि केंद्राचाच वरचढ. 'घटनात्मक हरकती'चा तयार मसुदा ते पैसे घेऊन देतात. घ्यावा का?

नाही. आता सविस्तर, कारण हा मसुदा बऱ्याच जणांच्या हातात दिसतो.

केंद्र मोठं की राज्य, हा प्रश्नच चुकीचा. आधी विचारायचं, विषय कोणत्या सूचीत आहे? चेक, हुंडी, विमा पॉलिसी असे काही दस्त संघसूचीत आहेत. बाकी दस्तांवरच्या शुल्काचा दर राज्यसूचीत, नोंद ६३. तुमचं खरेदीखत त्या बाकीच्यांत येतं. मसुदा तिथेच कोसळतो.

राज्याचा कायदा दुसऱ्या सूचीला जाता जाता स्पर्शून गेला, तरी तेवढ्याने तो बाद होत नाही. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ विरुद्ध हाच युक्तिवाद झाला होता : दारूची आयात केंद्राचा विषय. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये कायद्याचा गाभा पाहिला; तो मादक पेयांचा, म्हणजे राज्याचा निघाला. काही तरतुदी पडल्या, पण त्या वेगळ्या कारणांनी.

वरचढपणाचा नियम आहे तो अनुच्छेद २५४ मध्ये, समवर्ती सूचीसाठी. तिथेही राज्याचा कायदा फक्त विसंगतीपुरता निष्प्रभ होतो. शिवाय राष्ट्रपतींची संमती घेतलेली असेल तर त्या राज्यात राज्याचाच चालतो. अर्थात संसद नंतर तोही मोडू शकते : महाराष्ट्राचा २०१२ चा गृहनिर्माण कायदा संमती मिळालेला होता, २०१६ च्या रेरा (बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाचा केंद्राचा) कायद्याने कलम ९२ मध्ये त्याचं नाव घेऊन तो रद्द केला. पश्चिम बंगालने २०१७ मध्ये संमतीविना रेरासारखाच कायदा केला, तो सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये घटनाबाह्य ठरवला. मधल्या काळात त्याखाली झालेल्या नोंदण्या मात्र कायम ठेवल्या.

म्हणजे कायदा अवैध आहे हे न्यायालय सांगतं, सल्लागार नव्हे. तोवर तो वैध धरला जातो, आणि तुमच्या थकीत शुल्कावर दरमहा २ टक्के दंड चढत राहतो. नोटिशीतली मुदत पाहा, मूळ दस्त घेऊन याच आठवड्यात मुद्रांकाची कामं करणाऱ्या वकिलाकडे जा. 'निकाल लागू दे, मग बघू' म्हणणाऱ्यांच्या दंडाचे आकडे मी पाहिलेत.

प्रश्न : राज्य केंद्राला सर्वोच्च न्यायालयात खेचू शकतं का?

होय, अनुच्छेद १३१. तो मार्ग नागरिकांसाठी नाही. तुमच्यासाठी बहुधा उच्च न्यायालय, अनुच्छेद २२६. याचिका टिकेल का, हे कागद पाहिल्याशिवाय कोणीही सांगू नये.

प्रश्न : शिक्षण केंद्राचा विषय झाला ना? मग शाळेच्या फीवाढीची तक्रार दिल्लीला करायची का?

केंद्राचा नव्हे, समवर्ती. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून. फीसाठी महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने ही वाढ मंजूर केली होती का, ते आधी लेखी विचारा. ते उत्तर हातात आल्यावर वकील गाठा.