वाचकांचे प्रश्न : शून्य लोकसंख्येचे गाव

प्रश्न : आमचे मूळ गाव कुही तालुक्यात आहे आणि मी नोकरीनिमित्त नागपुरात राहतो. २०११ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावाचे नाव शोधले, तेव्हा नाव आणि क्षेत्रफळ सापडले, पण लोकसंख्येच्या जागी वस्ती नसल्याचा शेरा होता. प्रत्यक्षात आमची साठ-सत्तर घरे आहेत, मारुतीचे देऊळ आहे, अंगणवाडीही आहे. गाव पूर्वी नाल्याच्या अलीकडे होते आणि आजोबांच्या लहानपणी पलीकडे सरकले, असे घरात सांगतात. सरकारने आम्हाला मोजणीतून वगळले, असा या शेऱ्याचा अर्थ घ्यायचा का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : वगळलेले नाही. आपल्या माणसांची मोजणी झालेली आहे, फक्त ती शेजारच्या मौज्याच्या नावावर जमा झालेली असावी. खरी मेख त्या नाल्यातच आहे.

बोलताना आपण ‘गाव’ हा एकच शब्द वापरतो, पण त्या शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी नांदतात. एक मौजा, म्हणजे शिवेने बांधलेली जमीन, जिचा महसूल खात्याकडे स्वतंत्र नकाशा असतो आणि जिच्यातील प्रत्येक वावराला क्रमांक असतो. दुसरी वस्ती, म्हणजे माणसे चूल मांडून राहतात ती जागा. आपल्याकडे तिला टोली म्हणतात, गोंदियाकडे टोला, बंजारा समाजात तांडा, पारधी समाजात बेडा. तिसरी ग्रामपंचायत, जी कधी एकाच मौज्याची असते, तर कधी लगतचे दोन-तीन मौजे मिळून गट ग्रामपंचायत होते. जनगणना ग्रामीण भागात यांतील पहिली गोष्ट, म्हणजे महसुली मौजा, हा घटक धरते आणि प्रकाशित तक्त्यांमध्ये त्याहून लहान घटकाची वेगळी बेरीज देत नाही. आपले घर ज्या जमिनीवर उभे आहे ती जमीन नाल्यापलीकडच्या मौज्याची असेल, तर आपले कुटुंब त्या मौज्याच्या लोकसंख्येत गेले. शेती, सातबारा आणि गावाचे नाव मात्र अलीकडेच राहिले.

अशा माणसे नसलेल्या मौज्याला विदर्भात ‘रिठी’ म्हणतात, आणि कागदपत्रांत गावाच्या नावापुढे कंसात हा शब्द लिहिलेला आपण पाहिला असेल. जुन्या महसुली भाषेत याच अर्थाचा ‘बेचिराग’ हा फारसी शब्द आहे. चिराग म्हणजे दिवा. जेथे सांजेला दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. लढाईच्या बातम्यांमुळे आज या शब्दाला जाळपोळीचा वास आला आहे, पण महसुलाच्या कागदात तो शांतपणे एवढेच सांगतो, की येथे जमीन आहे आणि घर नाही. महाराष्ट्रात २०११ साली साडेत्रेचाळीस हजारांहून अधिक महसुली गावांची नोंद झाली आणि त्यांतील सुमारे ४१ हजार गावांतच वस्ती होती. म्हणजे आपल्या गावासारखी अडीच हजारांहून अधिक नावे या राज्यात आहेत.

रिठी होण्याची कारणे एका साच्यातली नाहीत. नागपूर तेव्हा ज्यात होते त्या मध्य प्रांतात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पाठोपाठ आले, आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने इतकी माणसे नेली की १९२१ च्या जनगणनेत साऱ्या देशाचीच लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. काही वस्त्या पुराला कंटाळून उंचावर गेल्या, काही विहीर आटल्यामुळे उठल्या. मालगुजारीच्या काळात एकाच मालगुजाराकडे, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणाऱ्या गावमालकाकडे, लगतचे दोन मौजे असले, तर कास्तकार एका ठिकाणी घरे बांधून दोन्हीकडची शेती कसू शकत. नागपूर मध्य प्रदेशात असताना १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. मौज्यांच्या शिवा मात्र होत्या तेथेच राहिल्या. अगदी अलीकडच्या रिठी पाण्याखालच्या आहेत. गोसीखुर्द प्रकल्पाची कोनशिला १९८८ मध्ये बसली आणि पुढे वैनगंगेचे पाणी फुगत गेले, तेव्हा आपल्याच कुही तालुक्यातल्या आणि भिवापूर तालुक्यातल्या लोकांना गावठाण सोडून पुनर्वसनाच्या नव्या वसाहतीत जावे लागले. तेथे नाव जुने आणि जमीन नवी, असा उलटा प्रकार घडला.

काही वर्षांपूर्वी उमरेडकडच्या एका रिठीवर मी एका वृद्ध कोतवालांबरोबर गेलो होतो. दुरून पाहिले तर तुरीचे साधे वावर, पण जवळ गेल्यावर मातीचा रंग बदललेला दिसला. आजूबाजूची जमीन काळी आणि मधला एकर-दीड एकर राखेसारखा फिकट, कारण तेथे शेकडो वर्षे चुली पेटल्या होत्या, भिंती पडल्या होत्या आणि शेणाची सारवणे मुरली होती. गावाच्या वस्तीला ‘पांढरी’ आणि शेताला ‘काळी’ हे आपले जुने शब्द उगाच आलेले नाहीत, हे मला त्या दिवशी डोळ्यांनी कळले. नांगराच्या तासात खापराचे तुकडे होते, एका कडेला चिंचेची दोन झाडे आणि त्यांच्या सावलीत शेंदूर लावलेला दगड होता. कोतवालांनी पायाने थोडी माती बाजूला केली, खाली जोत्याचा दगड दिसला आणि ते म्हणाले, “आमच्या पणज्याचं घर इथंच होतं जी.” त्या दगडावर कोणी तरी त्याच आठवड्यात नारळ फोडलेला होता. लोकसंख्या शून्य असलेल्या जागेशीही माणसांचे नाते असते, ते असे.

आता आपण काय करावे, ते सांगतो. भूमी अभिलेख कार्यालयातून दोन्ही मौज्यांचे नकाशे घ्यावेत, त्यांवर नाल्याची रेघ शोधावी आणि आपली घरे कोणत्या बाजूला पडतात ते पाहावे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा, म्हणजे घरांच्या कर-आकारणीचा उतारा त्याला जोडून पाहिला, की शंका उरत नाही. मग त्याच पुस्तिकेत शेजारच्या मौज्याचा आकडा काढा; आपली माणसे तेथे आहेत. वस्तीला स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा हवा असेल, तर तो महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ खाली शासनाने द्यायचा असतो, आणि जनगणनेपूर्वी गावांच्या सीमा गोठवल्या जात असल्यामुळे ऐन मोजणीच्या तोंडावर तो मिळत नाही. तोवर दुसरा मार्ग आहे. आजवरच्या पद्धतीत प्रगणक, जो बहुधा प्राथमिक शाळेचा शिक्षक असतो, मोजणीपूर्वी हाताने नजरी नकाशा काढत आला आहे. त्यात पक्क्या घराला चौकोन आणि कच्च्या घराला त्रिकोण काढतात. पुढची जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भ धरून होणार आहे. प्रगणक दारी येतील तेव्हा आपल्या टोलीचे नाव त्यांच्या नोंदीत स्पष्ट लिहिले जात आहे ना, हे आग्रहाने पाहा. प्रत्येक ठिकाणी मौजाच धरला जातो असेही नाही: २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने वस्ती हाच घटक धरला आणि मैदानी भागात ५०० लोकसंख्येची अट ठेवली. वस्तीची वेगळी ओळख कागदावर असणे तेथे उपयोगी पडते.

प्रश्न : मी नरखेड तालुक्यातील एका लहान ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. आमच्या गावाची मतदारयादी पाहिली तर गाव मोठे वाटते आणि जनगणनेचा आकडा पाहिला तर लहान. मतदार तर फक्त अठरा वर्षांवरचे असतात. मग जनगणनेत माणसे कमी कशी? (एक वाचक, नरखेड तालुका)

उत्तर : दोन्ही कागद वेगळ्या प्रश्नाची उत्तरे देतात. मतदारयादीत एकदा आलेले नाव, माणूस बाहेरगावी गेला तरी, वगळले जाईपर्यंत टिकते. जनगणना मात्र माणूस त्या दिवसांत कोठे राहत होता, एवढेच विचारते. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी या काळात मोजणी झाली, बेघर लोकांची गणना २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि १ ते ५ मार्च या फेरीत मधल्या काळातले जन्म-मृत्यू दुरुस्त करून सारे आकडे १ मार्चच्या शून्य तासाला आणून ठेवले गेले. या वीस दिवसांत जो काही दिवस तरी आपल्या नेहमीच्या घरी होता तो तेथे मोजला गेला. जो सबंध काळ बाहेर होता तो जेथे सापडला तेथे मोजला गेला. त्यामुळे बुटीबोरीच्या कारखान्यात कामाला असून दर रविवारी घरी येणारा मुलगा आपल्या गावात धरला जातो, आणि नागपुरात खोली करून शिकणारी, होळीलाच घरी येणारी मुलगी नागपूरच्या लोकसंख्येत जाते. दोघांचीही नावे मतदारयादीत गावीच असू शकतात.

हा फरक किरकोळ समजू नये, कारण ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते. १,५०० पर्यंत लोकसंख्या असेल तर ७ सदस्य, त्यापुढे ३,००० पर्यंत ९, आणि असे वाढत ७,५०० च्या वर १७. यांतल्या एखाद्या मर्यादेच्या काठावर असलेल्या गावात वीस-पंचवीस माणसांनी दोन जागा कमी-जास्त होतात.

प्रश्न : शाळेच्या प्रकल्पात आमच्या गावाचा भूगोल आणि लोकसंख्या लिहायची आहे. नागपूर जिल्ह्याची घनता दर चौरस किलोमीटरला ४७० आहे, असे वाचले. आमच्या गावाची ती फारच कमी येते. आमचे गणित चुकले का? (इयत्ता नववीची विद्यार्थिनी, मौदा तालुका)

उत्तर : तुझे गणित बरोबर आहे, तुलना चुकली आहे. २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ४६,५३,५७० होती आणि त्यांपैकी २४,०५,६६५ माणसे एकट्या नागपूर शहरात राहत होती. शहराने जिल्ह्याच्या ९,८९२ चौरस किलोमीटरपैकी सुमारे २१८ व्यापले आहेत. ते बाजूला काढून भागाकार कर, उत्तर २३२ च्या आसपास येईल. आणि यातही कामठी, काटोल, उमरेड, सावनेर ही नगरे आहेतच. गावाची तुलना गावांशीच करावी. जिल्ह्यातली ग्रामीण माणसे १४,७४,८११, म्हणजे तिनांतले एकही पूर्ण नाही.

भूगोल लिहिताना जिल्ह्याच्या पुस्तकातले वर्णन उतरवून काढू नकोस. काटोल-नरखेडकडे काळ्या बेसॉल्टची जमीन, कापूस आणि संत्री. तुझ्या मौद्याकडे जुना खडक, धानाच्या बांध्या, बोड्या म्हणजे लहान तळी आणि मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. तुझ्या गावचे पाणी कोणत्या नाल्याने कन्हानेत जाते आणि कन्हान ते वैनगंगेला कोठे देते, ते लिही. आजोबांना जमिनीची नावे विचार: मोरंड कोणती, खरडी कोणती, बरडी कोणती. गावाच्या चारही शिवांवरच्या मौज्यांची नावे लिही, आणि त्यांत एखादी रिठी असेल तर तेथे जाऊन मातीचा रंग पाहून ये.