चढावर थरथरणारी गाडी

प्रश्न : माझी १५ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक खंबाटकी घाटात रेस दिली की थरथरते, पाय काढला की शांत. व्हील बॅलन्सिंग करूनही फरक नाही. – एक वाचक, सातारा

उत्तर : चाकाचा दोष असता तर पाय काढल्यावरही त्याच वेगात स्टिअरिंग हललं असतं. माझा संशय ड्राइव्हशाफ्टच्या (गिअरबॉक्सची ताकद चाकाला पोचवणारा दांडा) आतल्या, गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर. लोड आला की त्यातले झिजलेले रोलर अडखळतात. (बाहेरचा जॉइंट गेला तर वळताना कटकट वाजतो, ते दुखणं वेगळं.) गाडी लिफ्टवर घेऊन जॉइंटवरचं रबरी आवरण (बूट) फाटलंय का, ग्रीस उडालंय का बघा, शाफ्ट हातानं हलवून पाहा. जॉइंट ठीक निघाला तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर बसवलेलं असतं ते रबरी आधार, तपासा. उभ्या गाडीतही झटके येत असतील, तर आधी इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग आणि कॉइल तपासा. आणि मेकॅनिकला चढावरच न्या, सपाटीवर गाडी साळसूद वागणार!