इतका विरोध होऊनही ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधून जुनी थीम का काढून टाकतात?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वर्षानुवर्षं वापरत असलेल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, तिच्यातून जुनी थीम (म्हणजे दिसण्याचा आणि मांडणीचा साचा) गायब झाली, पुष्कळ लोकांनी "काढू नका" म्हणून सांगितलं तरी कुणी ऐकलं नाही. "एक फोल्डर तर होता, पडून राहिला असता तर कुणाचं काय गेलं असतं?" असं तुम्ही विचारलंय. मी एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पात बरीच वर्षं फ्रंटएंडचं (वापरणाऱ्याला दिसणाऱ्या भागाचं) काम बघतो आणि जुनी थीम काढायच्या बाजूने मतही दिलेलं आहे. त्यामुळे मी कुठल्या बाजूला उभा आहे ते आधीच कळलेलं बरं.

तो फोल्डर नुसता पडून राहत नाही, सगळी अडचण तिथेच आहे.

समजा, निरोपांच्या यादीवर "सगळे निवडा" असा एक चेकबॉक्स टाकायचाय. नव्या थीममध्ये टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) एक ओळ आणि सीएसएसमध्ये (रंग-मांडणी ठरवणाऱ्या फाइलमध्ये) दोन ओळी घातल्या की झालं. जुन्या थीमची मांडणी टेबलात टेबल, त्यात आणखी एक टेबल अशी असते. तिथे रकाना वाढवला की खालच्या प्रत्येक ओळीतला कोलस्पॅन (एक खाना किती रकाने व्यापतो तो आकडा) बदलायचा, नाहीतर अख्खं पान तिरपागडं होतं. मग जावास्क्रिप्ट, म्हणजे पानावरची बटणं-चेकबॉक्स चालवणारा कोड. ते ज्या आयडीवरून (खुणेच्या नावावरून) चेकबॉक्स शोधतं, तो आयडी जुन्या थीममध्ये नसतोच. पुढे अरबी-उर्दूसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्या, मोबाईलचा पडदा, नुसत्या कीबोर्डवर काम करणारे, स्क्रीन रीडर वापरणारे. हे सगळं दर थीमला पुन्हा तपासायचं. आणि एवढं करूनही टीममधला कुणी ती जुनी थीम रोज वापरत नसतो, त्यामुळे काय मोडलं ते कळतं वापरणाऱ्याच्या तक्रारीतून. "बटण दिसत नाही" असं तिकीट येतं. डेव्हलपर करून बघतो, त्याला बटण व्यवस्थित दिसतं. दोन-चार उत्तरं इकडून तिकडे गेल्यावर कुणीतरी विचारतं, "तुमची थीम कोणती?" या प्रश्नापाशी येईपर्यंत दोघांचाही जीव मेटाकुटीला आलेला असतो.

सुरक्षेचाही मुद्दा आहेच. वापरणाऱ्याने लिहिलेला मजकूर पानावर दाखवण्याआधी एस्केप करावा लागतो, म्हणजे त्यात कुणी कोड लपवला असेल तर तो चालणार नाही असं करावं लागतं. टेम्प्लेट जितकी जास्त, तितक्या हे करायचं राहून जाण्याच्या जागा जास्त.

पीएचपीबीबी या चर्चामंच चालवायच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. डिसेंबर 2007 मध्ये त्याची 3.0 आवृत्ती आली ती दोन थीम घेऊन: नवी प्रोसिल्व्हर आणि जुन्या वळणाची सबसिल्व्हर2. पीएचपीबीबी 2 च्या काळापासून असलेल्या लोकांना दुसरीच आपली वाटायची. 2014 मध्ये 3.1 आली. प्रोसिल्व्हर मोबाईलवर नीट बसू लागली आणि एक्स्टेन्शनची (वरून जोडायच्या सोयींची) नवी पद्धत सुरू झाली. आता एक्स्टेन्शन लिहिणाऱ्याला पानावर काही दाखवायचं तर दोन्ही थीमचा विचार करणं आलं. अनेकांनी फक्त प्रोसिल्व्हरचा केला. फुकटात काम करणाऱ्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार? पुढे 2017 च्या 3.2 मध्ये सबसिल्व्हर2 काढली, तेव्हा लोक हळहळले. पण माझ्या मते ती थीम गेली त्याच्या बरीच आधी. एक्स्टेन्शन टाकलं आणि काहीच दिसलं नाही, असं व्हायला लागलं तेव्हाच तिचं आयुष्य संपलं होतं. 3.2 ने फक्त तशी नोंद केली.

आता विरोधाबद्दल. विरोध करणारे किती, हे ओपन सोर्समध्ये सहसा कुणालाच धड माहीत नसतं. पुष्कळ सॉफ्टवेअर वापराची माहिती गोळाच करत नाहीत. जी करतात, तिथे जुनी थीम हट्टाने लावणारी मंडळी म्हणजे नेमकी तीच, जी पहिल्याच दिवशी माहिती पाठवणं बंद करून टाकतात. म्हणजे आकड्यांत ती दिसतच नाहीत. दुसरीकडे, नवी थीम ज्यांना चालते ते "चालतं बुवा" असं लिहायला कशाला येतील? त्यामुळे आकडे बघून एक चूक होते आणि आरडाओरडा ऐकून दुसरी.

म्हणून मी विरोधाची संख्या बघत नाही, त्यात काय लिहिलंय ते बघतो. आमच्याकडे जुनी थीम निघाली तेव्हा बहुतेकांचं म्हणणं "नवी थीम घाण आहे" याच्या पलीकडे जात नव्हतं. त्याचं काय करणार? एकाने मात्र दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावले होते. जुन्या थीमच्या यादीत एका पडद्यावर जेवढ्या ओळी मावायच्या, त्याच्या निम्म्याच नव्या थीममध्ये मावत होत्या. त्याचं काम दिवसभर ती यादी चाळायचं. म्हणजे त्याला जुनी थीम नकोच होती, ओळींमधली जागा कमी हवी होती. ती सोय पुढच्याच आवृत्तीत आली. दुसऱ्या एका बाईंना दृष्टी कमी असल्यामुळे फिकट राखाडी अक्षरं वाचता येत नव्हती. तेही रास्त होतं. राखाडी रंग गडद करायला जुनी थीम परत आणावी लागत नाही.

फायरफॉक्सचं असंच झालं. 2021 च्या जूनमध्ये 89 वी आवृत्ती प्रोटॉन हे नवं रूप घेऊन आली. टॅब जाड झाले आणि पट्ट्या दाट करणारा कॉम्पॅक्टचा पर्याय मेनूतून जाणार असं ठरलं. छोट्या पडद्याच्या लॅपटॉपवाल्यांनी ओरड केली. शेवटी मधला मार्ग निघाला: ज्यांनी कॉम्पॅक्ट आधीच लावलं होतं त्यांचं तसंच राहिलं, फक्त त्यापुढे "याला सपोर्ट नाही" अशी पाटी लागली. मला ही पाटी आवडते. तुमची सोय काढून घेत नाही, पण मोडली तर आमच्याकडे येऊ नका, हे ती सरळ सांगते.

"मग जुनं आहे तसं ठेवा" म्हणणाऱ्यांनी 'माते' या लिनक्सवरच्या डेस्कटॉपची गोष्ट बघावी. 2011 मध्ये ग्नोम या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती, ग्नोम 3, आली, पडद्याची सगळी मांडणीच बदलली, आणि नाराज लोकांनी ग्नोम 2 चा कोड घेऊन माते नावाने फोर्क (त्याच कोडवरून वेगळा प्रकल्प) काढला. मला या लोकांबद्दल मनापासून आदर आहे, कारण ते नुसते बोलले नाहीत. पण खालची जीटीके 2 ही खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) कालबाह्य होत गेली, तसं त्यांना सगळं जीटीके 3 वर आणावं लागलं. 2017 च्या 1.18 आवृत्तीत ते काम पुरं झालं. म्हणजे दिसायला काहीही बदलू नये, यासाठी अख्खी टीम वर्षानुवर्षं राबली. तुमच्या "पडून राहिला असता" या फोल्डरमागे असं राबायला कुणीतरी लागतं.

असा कुणी असेल तिथे जुन्या थीम टिकतातही. विकिपीडियावर 2004 पासूनचं मोनोबुक हे रूप आजही पसंतींमध्ये जाऊन लावता येतं, मधल्या काळात दोन वेळा मुख्य रूप बदलूनसुद्धा. पण विकिपीडिया ज्यावर चालतो त्याच मीडियाविकी सॉफ्टवेअरने 2013 मध्ये क्लासिक, नॉस्टॅल्जियासकट पाच जुनी रूपं एका फटक्यात काढली होती. त्यातली गंमत म्हणजे, 2001 सालच्या विकिपीडियाची जपून ठेवलेली एक प्रत आहे, तिला नॉस्टॅल्जियाचंच रूप शोभतं. म्हणून ते वेगळं एक्स्टेन्शन करून तिच्यापुरतं ठेवलं.

डेव्हलपरचं कुठे चुकतं तेही सांगतो, कारण ते नेहमी बरोबर असतात असं मुळीच नाही. "आता आधुनिक दिसायला हवं" हे कारण मला कधीच पटलेलं नाही. कारण द्यायचं तर कामाचं द्या: अमुक गोष्ट या थीममुळे अडलीय, तमुक बग तिच्यात पडून आहेत. दुसरं, आधी न सांगता काढणं. एका आवृत्तीत "ही जाणार आहे" असं जाहीर करावं, पुढच्या मोठ्या आवृत्तीत काढावी, आणि काढताना कचऱ्यात न टाकता वेगळं पॅकेज करून ठेवावी. राउंडक्यूब या ब्राउझरमधून ईमेल बघायच्या सॉफ्टवेअरने 2022 च्या 1.6 मध्ये लॅरी आणि क्लासिक या स्किन (म्हणजे थीमच) मुख्य पॅकेजमधून काढल्या, पण ज्यांना हव्यात त्यांना त्या वेगळ्या बसवता येतात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वेबसाइट बनवायच्या ड्रुपल 10 मधून बार्टिक आणि सेव्हन या थीम अशाच बाहेर आल्या. याला फार कष्ट लागत नाहीत. तेवढंही न करता थेट फोल्डर उडवणारे आणि वर चर्चाही बंद करणारे मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) मी पाहिलेत. त्यांच्यावर तुम्ही चिडलात तर तुमचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

आता तुम्ही काय करावं? थीमसाठी जुन्या आवृत्तीवर अडून बसू नका. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं की ती थीम फार महागात पडेल. आधी ती वेगळी मिळते का बघा. मिळत नसेल तर आपली सीएसएस घालायची सोय बऱ्याच ठिकाणी असते, आणि निम्म्या तक्रारी दहा-पंधरा ओळींत मिटतात. तक्रार लिहिणार असाल तर थीमचं नाव न घेता कोणतं काम अडलं ते लिहा, शेजारी शेजारी स्क्रीनशॉट लावा.

आणि एवढं करूनही तीच थीम हवी असेल, तर मेंटेनरना लिहा की यापुढे ती मी सांभाळतो. परवाना मोकळा आहे, जुना कोड गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात जसाच्या तसा आहे. दर आवृत्तीआधी बीटा (चाचणीची आवृत्ती) बसवून थीम तपासायची आणि मोडलेलं दुरुस्त करून पाठवायचं, इतकंच काम. आहेत खऱ्या लष्कराच्या भाकऱ्याच. पण असा निरोप आलेला असताना "नको" म्हणणारा मेंटेनर मला तरी अजून भेटलेला नाही.