‘शेवटी तिने खाल्लंच नाही, आम्ही कमी पडलो का?’

घरातलं वडीलधारं माणूस लांबलेल्या आजारपणानंतर गेलं की ज्यांनी सेवा केली त्यांच्याच मनात हा प्रश्न रुतून बसतो. त्याच्या जोडीला आणखी एक काळजी असते. डोळे मिटले की अंथरुणातलं ते खंगलेलं शरीरच दिसतं, मग तिचं बाकीचं आयुष्य कुठे गेलं?

गोव्यातल्या डिचोलीहून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या तिशीतल्या एका शिक्षिकेने पहिल्याच भेटीत हे दोन्ही विचारलं. तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिचे वडील डिचोलीच्या मराठी घरातले, आई बार्देशातल्या ख्रिस्ती घरातली. गेली ती आईची आई, तिची शामाय. आजी आहारतज्ज्ञ होती. नोकरीची सगळी वर्षं रुग्णालयात काढली आणि निवृत्तीनंतरही गावातले मधुमेहाचे, रक्तदाबाचे रुग्ण तिच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, येऊन बसायचे. सकाळची मीस, म्हणजे चर्चमधली उपासना, तिने कधी चुकवली नाही, संध्याकाळी घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, व्हायचाच. नात सुट्टीत तिथे राहायची, गुडघे टेकून शेजारी बसायची.

कर्करोग पसरल्यावर आजीचं खाणं तुटत गेलं. आई आणि नात उकड्या तांदळाची पेज भरवायच्या. ‘शामाय, इल्लें खा गो,’ असं किती विनवलं तरी ती ओठ मिटून घ्यायची. म्हणायची, ‘पुरो.’ एकदा तोंडातली पेज तिने बाहेर काढली. त्याच दुपारी फादर घरी आले, त्यांनी दिलेला ख्रिस्तप्रसादाचा, म्हणजे मीसेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीचा, कण मात्र तिने गिळला.

‘मॅडम, तो गिळता आला, मग माझी पेज का नाही? म्हणजे मीच नीट भरवलं नाही. लोकांना काय खावं ते सांगण्यात जिचा जन्म गेला, तिला आम्ही उपाशी पाठवलं.’

यावर ‘असं मनात आणू नका’ म्हणून भागत नाही, खरी माहिती द्यावी लागते. शेवटच्या आठवड्यांत शरीराला अन्न वापरता येत नाही. भूक आपोआप मंदावते, गिळण्याची ताकद जाते. माणूस खात नाही म्हणून जातो असं नसतं. तो जायच्या वाटेवर असतो म्हणून खाणं सुटतं. अशा वेळी जबरदस्तीने भरवलं तर घास श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. ओठ ओले ठेवणं, तोंड स्वच्छ करणं, मागितलं तर चमचाभर पाणी देणं, हीच तेव्हाची सेवा. मी तिला विचारलं, यातलं काय केलंत? ती म्हणाली, सगळंच. रात्री कापसाच्या बोळ्याने ओठ भिजवायचं काम तिचंच होतं. त्याला सेवा म्हणायचं हे तिला सुचलंच नव्हतं.

राहिला तो कण. गिळणं जड झालेल्या माणसाला अगदी लहान तुकडा थोड्या पाण्याबरोबर देतात. तो उतरला म्हणून वाटीभर पेज उतरली असती असं नाही. आणि मला मनापासून वाटतं, आपल्या शरीराला किती झेपेल हे त्या बाईला घरातल्या इतरांपेक्षा जास्त कळत होतं. उरलेली ताकद तिने आपल्याला सगळ्यांत प्रिय असलेल्या गोष्टीसाठी ठेवली. यात नातीला नाकारणं कुठेच नव्हतं. हे ऐकून ती बराच वेळ रडली. आजी गेल्यापासून पहिल्यांदाच, असं म्हणाली.

शेवटचेच दिवस का दिसतात? भीती आणि जागरणात पाहिलेलं मनात खोल कोरलं जातं. ते पुसायला धडपडू नये. तिला मी ते दिवस क्रमाने, मोठ्याने सांगायला लावले, घाई न करता. त्यानंतरचं काम घराबाहेरचं होतं. आजीला ओळखणाऱ्या, पण नात्यात नसलेल्या माणसांना भेटायचं आणि फक्त ऐकायचं.

म्हापशाच्या बाजारात मासळी विकणाऱ्या एका बाईने तिला जपून ठेवलेला कागद दाखवला. बाईला वाचता येत नव्हतं, म्हणून आजीने आहाराचा तक्ता चित्रांत काढला होता. सूर्य उगवताना अर्धी पोई (गोव्याचा पाव), दुपारी भाताची एकच वाटी, शेजारी तांबडी भाजी, आणि सुक्या मासळीवर मोठी फुली. तेलाचे डाग पडलेल्या त्या कागदाचा फोटो ती मला दाखवत होती, तेव्हा तिचा आवाजच वेगळा होता.

दुसऱ्या एका रुग्णाने कोरेज्मची, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाची, आठवण सांगितली. इन्सुलिन घेणारे हे गृहस्थ हट्टाने उपाशी राहायचे. आजीने त्यांना बसवून सांगितलं, की उपासाचा नियम 18 ते 59 वयाच्या धडधाकट माणसांना आहे, आजाऱ्याला इगर्जच, म्हणजे चर्चच, मोकळीक देते. स्वतः मात्र साठी उलटल्यावरही गुड फ्रायडेला एकदाच जेवायची. श्रद्धा आणि शास्त्र तिच्यात भांडत नव्हते, हे नातीने पहिल्यांदाच कुणाकडून ऐकलं.

‘मी ख्रिस्ती नाही, मग शामाय गेल्याच्या महिन्यानंतरच्या मीसेला मी कोण?’ असंही तिने विचारलं होतं. नात म्हणून बसावं, प्रार्थना येईल ती म्हणावी. ख्रिस्तप्रसाद न घेताही तिथे बसता येतं. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ती आईबरोबर कबरीवर फुलं आणि मेणबत्ती घेऊन गेली.

असं दुःख कुणालाही लवकर आवरायला सांगू नये. पण सहा महिन्यांनंतरही रोजचं काम, झोप, जेवण विस्कटलेलंच असेल, किंवा जगू नये असं वाटत असेल तर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो. जगू नये असं वाटलं तर सहा महिन्यांची वाटही पाहू नका.

आता ती झोपते, शाळेत जाते, आजीच्या पद्धतीने नाचणीचं तिझान, म्हणजे लापशी, करते. तिची आई अजून त्या आठवड्यांबद्दल बोलत नाही. पेजेची वाटी बहुतेक वेळा तिच्याच हातात होती. पुढच्या वेळी दोघी मिळून याव्यात, असा निरोप मी पाठवला आहे.